गेमिंग आणि शास्त्रीय गाणं, दोन्हीला एकच हेडफोन: १५ हजारांत काय घ्यावं, आणि पीसीतली शिट्टी कशी घालवावी?

शहापूरकर, बेळगाव

नमस्कार मंडळी. नवीन हेडफोन घ्यायचा म्हणायलोय. माइक, डोंगल (हेडफोनची पिन यूएसबीला जोडायचा छोटा तुकडा), जे काय लागेल ते सगळं धरून १५ हजारांच्या वर जायचं नाही.

वापर दोन. रात्री पीसीवर व्हॅलोरंट आणि सीएस टू, दोन्ही बंदुकीचे गेम. बाकी वेळ गाणं: कुमारजी (कुमार गंधर्व), मल्लिकार्जुन मन्सूर, जुनी नाट्यगीतं. सध्या ‘७.१’ छापलेला यूएसबी हेडसेट आहे. त्यात पावलं पुढून येतात की मागून ते कळत नाही, आणि तंबोरा नुसता धुरकट ऐकू येतो.

खोलीत सीलिंग फॅन, शेजारच्या खोलीत टीव्ही. एक मित्र ओपन बॅक घे म्हणतो, दुसरा २५० ओहमचा (म्हणजे जास्त विद्युत अडथळ्याचा) हेडफोन आणि तो चालवायला अँप घे म्हणतो. बोलायला माइक लागतोच.

अजून एक. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला साधा इअरफोन लावला तरी बारीक शिट्टी येते आणि माउस हलवला की ती बदलते. मागून टीव्हीच्या स्पीकरला वायर जोडली की ‘गूंऽऽ’ चालू होतं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला तर कधी कधी झिणझिण्या येतात. हेडफोन बदलला की हे जाणार का?

---

कॅम्प_ऑडिओ

झिणझिण्यांचं दुखणं हेडफोनचं नाही, ते वायरिंगवाले सांगतील. पण तोवर अनवाणी पायानं त्या पत्र्याला हात लावू नका. मी निवडीचं बोलतो.

ब्रँड नंतर, आधी ओपन की क्लोज्ड ते ठरवा. ओपन बॅकमध्ये कपाची मागची बाजू जाळीची असते. ड्रायव्हरच्या (कपातल्या छोट्या स्पीकरच्या) मागचा आवाज आत न कोंडता बाहेर निघून जातो, त्यामुळे आवाज डोक्याबाहेर पसरल्यासारखा वाटतो आणि दिशा सुटी कळते. याची किंमत म्हणजे बाहेरचं सगळं जवळजवळ तसंच्या तसं आत येतं. फॅन आणि दाराआडचा टीव्ही चालून जातो. टीव्ही त्याच खोलीत असेल तर ओपन घेऊ नका, कारण माणूस नकळत आवाज वाढवत जातो आणि कान दुखेपर्यंत थांबत नाही.

ओहम जास्त म्हणजे आवाज चांगला, हे खरं नाही. बघायचं ते एवढंच की १ व्होल्ट दिल्यावर हेडफोन किती डेसिबल देतो. शास्त्रीय गाणं सरासरी ८० डेसिबलच्या खाली ऐकलं तरी तबल्याची थाप त्याच्यावर २०-२५ डेसिबल उसळू शकते, म्हणून ११० डेसिबलपर्यंत जागा हातात ठेवावी. आता हिशेब बघा, यातले पहिले तीन ओपन बॅक.

बेयरडायनॅमिक डीटी ९९० प्रो, २५० ओहम, १ मिलिवॉटला ९६ डेसिबल. १ व्होल्टला त्यात ४ मिलिवॉट जातात, म्हणजे १०२ डेसिबल. ११० ला पोचायला २.५ व्होल्ट हवेत. साध्या डोंगलमधून १ व्होल्टच्या आसपास मिळतो, तो इथं कमी पडतो. तुमच्या मित्राचा अँपचा सल्ला या हेडफोनपुरता बरोबर आहे.

सेनहायझर एचडी ५६०एस, १२० ओहम, १ व्होल्टला ११० डेसिबल. अँप लागतच नाही.

फिलिप्स एसएचपी ९५००, ३२ ओहम, १ मिलिवॉटला १०१. १ व्होल्टला ३१ मिलिवॉट, म्हणजे ११६. हा तर फोनच्या डोंगलवरही पळतो.

बेयरडायनॅमिक डीटी ७७० प्रो, ८० ओहमचा, हा क्लोज्ड म्हणजे मागून बंद कपाचा आहे. १ व्होल्टला १०७. थोडा कमी, पण घरात पुरतो.

माझं मत सरळ आहे. दार बंद करून बसता येत असेल आणि सेलमध्ये बजेटात बसला तर एचडी ५६०एस. पैसे वाचवून चांगला माइक हवा असेल तर एसएचपी ९५००. त्याची केबल निघते आणि डाव्या कपात साधं ३.५ मिमीचं भोक आहे, त्यात व्ही-मोडा बूमप्रोसारखी माइकवाली केबल थेट बसते. एचडी ५६०एस आणि ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स यांच्या कपातलं भोक २.५ मिमीचं, फिरवून अडकवायचं आहे, तिथं ती केबल बसणार नाही. त्यांना कपावर चिकटवायचा माइक किंवा टेबलावरचा यूएसबी माइक घ्यावा लागतो. फॅनखाली बसत असाल तर माइक तोंडाजवळचाच हवा.

आता पावलांची दिशा. ‘७.१’ हेडसेटमध्येही शेवटी दोनच कानांना आवाज जातो; सातचे दोन करायचं काम सॉफ्टवेअर करतं. व्हॅलोरंटमध्ये एचआरटीएफचा (दोन कानांतच पुढचं-मागचं भासवणाऱ्या हिशेबाचा) पर्याय आहे, सीएस टू मध्ये ते गेमच्या आतच होतं. त्याच्यावर विंडोजचं सोनिक, डॉल्बी किंवा हेडसेटचं ७.१ चालू ठेवलं की एकदा फिरवलेला आवाज पुन्हा फिरवला जातो आणि पुढचं-मागचं कालवून बसतं. तुमच्याकडं बहुतेक हेच व्हायलंय. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये स्पेशियल साउंड (spatial sound) बंद, ऑडिओ एन्हान्समेंट बंद, आउटपुट स्टिरिओ, २४ बिट ४८ किलोहर्ट्झ. मग व्हॅलोरंटचा एचआरटीएफ चालू करा. लाउडनेस इक्वलायझेशनही बंदच ठेवा. त्यानं लांबची पावलं मोठी होतात हे खरं, पण लांबचं आणि जवळचं सारखंच वाजतं, मग अंतर कशावरून ओळखायचं?

हे आजच जुन्या हेडसेटवर करून बघा. निम्मा प्रश्न फुकटात सुटेल.

---

तंबोरा_जवारी, खानापूर

गाण्याच्या बाजूनं बोलतो, कारण कुमारजी आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मले आणि त्यांचं गाणं नीट ऐकायला मिळावं असं मनापासून वाटतं.

ध्वनिमुद्रण ज्या काळचं, त्यावर हेडफोनची परीक्षा ठरते. जुनी नाट्यगीतं ७८ च्या तबकड्यांवरून आलेली, मोनो. दोन्ही कानांना एकच आवाज जातो, म्हणून गाणं डोक्याच्या मधोमध बसतं. कितीही मोठ्या ‘साउंडस्टेज’चा हेडफोन घेतला तरी ते रुंद होणार नाही. खालचा खर्जही त्यात फारसा उतरलेला नसतो, तेव्हा असल्या रेकॉर्डवर बास जोखू नका. डग्गा आणि तंबोऱ्याचा खर्ज बघायचा तर नंतरची स्टिरिओ मुद्रणं लावा.

उलट तबकडीची खरखर वरच्या पट्टीत, ५ किलोहर्ट्झच्या वर जास्त टोचते. डीटी ९९० प्रो आणि डीटी ७७० प्रो या दोघांचाही आवाज ८ किलोहर्ट्झच्या आसपास चढलेला आहे. गेममध्ये काडतूस पडल्याचं स्वच्छ ऐकू येतं, पण जुन्या रेकॉर्डवर अर्ध्या तासात डोकं उठतं. गाण्याला तेवढा वेळ देणार असाल तर हे दोन्ही इक्वलायझरशिवाय (आवाजाची एकेक पट्टी कमी-जास्त करणाऱ्या सोयीशिवाय) घेऊ नका.

इक्वलायझरला पैसे लागत नाहीत. विंडोजवर ‘इक्वलायझर एपीओ’ टाका, त्याच्यावर ‘पीस’ नावाचं तोंड, म्हणजे आकडे भरायची सोपी खिडकी, बसवा. टाकताना डिव्हाइसची यादी येते, तिथं तुमचा खरा आउटपुट टिकमार्क करा आणि पीसी रीस्टार्ट करा. नंतर कधी विंडोज अपडेटनं किंवा साउंडचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर बदलल्यानं इक्वलायझर अचानक लागू होईना झाला, तर तीच यादी पुन्हा उघडून टिक लावायची. आणखी एक अडचण येते: गाण्याचा प्लेअर वासापी एक्सक्लुझिव्ह किंवा एएसआयओ या थेट आवाज पाठवणाऱ्या मोडमध्ये असेल तर आवाज एपीओला वळसा घालून जातो. इक्वलायझर हवा असेल तर प्लेअर साध्या शेअर्ड मोडमध्येच ठेवा.

आकडे मॉडेलनुसार ‘ऑटोईक्यू’मध्ये तयार मिळतात, ते आधी भरा. मग आपल्या कानाला जुळवा:

एसएचपी ९५०० चा खालचा आवाज उतरता आहे. लो शेल्फ (खालची सगळी पट्टी उचलणारा फिल्टर) १०० हर्ट्झला +४ ते +५ डेसिबल. त्याच्यापुढं ओढू नका, ड्रायव्हर फाटका वाजायला लागतो.

बेयरडायनॅमिकच्या दोघांना ८ किलोहर्ट्झला पीक फिल्टर (एकाच जागेचा), −५ डेसिबल, क्यू म्हणजे अरुंदपणा ३. हे शिखर प्रत्येकाच्या कानाच्या नळीप्रमाणं थोडं सरकतं. म्हणून टोन जनरेटरवर अगदी बारीक आवाजात ५ ते १० किलोहर्ट्झ हळूहळू फिरवा, जिथं सुई टोचल्यासारखं होईल तो आकडा फिल्टरला द्या.

आणि प्रीअँप (एपीओमधला एकूण आवाजाचा आकडा) विसरू नका. सगळ्यात मोठी वाढ +५ असेल तर प्रीअँप −५. नाहीतर डिजिटलमध्येच आवाज कापला जातो, समेवरची थाप फुटते आणि दोष हेडफोनला लागतो.

गेमसाठी पीसमध्ये वेगळं प्रोफाइल ठेवा. २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात +२, फार तर +३. जास्त दिलं तर पावलांबरोबर बंदूकही तेवढीच चढते आणि कान लवकर थकतात. सीएस टू मध्ये आवाजाची स्वतःची नॅचरल, क्रिस्प, स्मूथ अशी प्रोफाइलं आहेत. तिथं नॅचरल ठेवून बाकी काम एपीओवर सोपवा, म्हणजे कुठं काय बदललं ते हातात राहतं.

तंबोऱ्याच्या धुरकटपणाचं: जवारीचे (घोडीवर तार घासून उठणाऱ्या गुंजनाचे) वरचे स्वर सुटे ऐकू यायला २ ते ६ किलोहर्ट्झचा भाग सपाट असावा लागतो. बास फुगवलेल्या हेडसेटमध्ये खालचा आवाज त्याच्यावर पांघरूण घालतो. एचडी ५६०एस मध्ये हा भाग मोकळा आहे, त्यामुळं माझंही मत त्यालाच.

---

उद्यमबाग_रिपेर

आता शिट्टी, गुणगुण आणि झिणझिण्या. तिन्हींची कारणं वेगळी आहेत, एकाच औषधानं जाणार नाहीत.

शिट्टी: पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटमधून ग्राफिक्स कार्डाजवळून जाते आणि तिथला खडखडाट उचलते. माउस हलवला की कार्डावरचा भार बदलतो, म्हणून शिट्टीही बदलते. उपाय यूएसबीवरचं छोटं डीएसी (डिजिटलचा आवाज करणारी डबी; डोंगल हे त्याचंच छोटं रूप), कॅबिनेटच्या बाहेर. मागच्या हिरव्या जॅकला लावूनही शिट्टी कमी होईल, पण काही बोर्डांवर तो लाइन-आउट ७५ ओहमच्या आसपास अडथळ्याचा असतो. ३२ ओहमच्या हेडफोनला तिथं मूळ व्होल्टेजच्या ३० टक्केच मिळतात, आवाज १० डेसिबल पडतो आणि बऱ्याच हेडफोनचा बासही सैल होतो. आउटपुटचे ओहम हेडफोनच्या आठव्या हिश्श्याच्या आत असावेत, एवढं ध्यानात ठेवा.

गूंऽऽ: टीव्हीला केबलवाल्याची वायर असेल तर ती काढून बघा. गुणगुण थांबली तर त्या वायरचं अर्थ (जमिनीशी असलेली जोडणी) आणि पीसीचं अर्थ यांची भांडणं चालू आहेत. पीसी, टीव्ही, स्पीकर सगळं एकाच बोर्डावर घ्या. तरी राहिली तर ऑडिओ वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. तो लाइनपुरताच आहे, हेडफोनच्या वायरीत घालू नका, आतला छोटा ट्रान्सफॉर्मर बास खातो.

झिणझिण्या: मल्टिमीटर एसीवर ठेवून पीसीच्याच सॉकेटमध्ये तीन मापं घ्या, पीसी चालू असताना. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. ती इथं टाका. मीटर धरायची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून घ्या. प्लगची अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका, जिवावरचा आहे.

माइकचं एक राहिलं. बूमप्रोच्या केबलीची पिन चार कड्यांची असते, हेडफोन आणि माइक दोन्ही तिच्यातच. डीएसीला बहुतेक माइक इनपुट नसतो, म्हणून लोक वाय स्प्लिटर लावून हेडफोनची पिन डीएसीत आणि माइकची पिन मदरबोर्डात घालतात. दोन्हींचं ग्राउंड त्या केबलीत एकच आहे, त्यामुळे डीएसीनं घालवलेली शिट्टी माइकच्या वाटेनं परत येते. अशी केबल घ्यायची तर माइक आणि हेडफोन दोन्ही एकाच डोंगलमध्ये जाऊ देत. चार कड्यांचा माइक ओळखणारं यूएसबी डोंगल बघा. आणि काही डीएसीवर असणाऱ्या ४.४ मिमीच्या बॅलन्स्ड आउटपुटला अ‍ॅडाप्टर लावून ही केबल कधीही जोडू नका. तिथं डावी-उजवीचं ग्राउंड वेगळं असतं, ते एकत्र झालं की अँपचा आउटपुट शॉर्ट होतो.

---

शहापूरकर, बेळगाव

स्पेशियल साउंड आणि ७.१ बंद करून एचआरटीएफ चालू केलं. मागची पावलं आता मागूनच येतात, फरक लगेच कळला.

वायरमनला बोलावून मापं घेतली. फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ १४०, न्यूट्रल-अर्थ ८८. घर जुनं आहे, भाड्याचं.

आणि एक विचारायचं. जुना डीटी ९९० प्रो २५० ओहम एकजण स्वस्तात देतो म्हणतोय. डावीकडं आवाज येतो-जातो, केबल हलवली की परत येतो. घ्यावा का?

---

उद्यमबाग_रिपेर

आधी मापं. तुमच्या सॉकेटात अर्थ जोडलेलाच नाही, वायर कुठंतरी तुटलेली आहे किंवा अर्थच्या खड्ड्यापर्यंत पोचलेलीच नाही. पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये फेजकडून एक आणि न्यूट्रलकडून एक असे दोन छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ नसला की पत्रा मधल्या कुठल्यातरी व्होल्टेजवर तरंगतो. करंट थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या सप्लायमध्ये खरा बिघाड झाला तर फ्यूज उडणार नाही आणि सगळा करंट हात लावणाऱ्यातून जाईल. नीट असेल तेव्हा फेज-अर्थ २३० च्या जवळ आणि न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत दिसतं.

घरमालकाला ही मापं दाखवा आणि लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून अर्थ करून घ्या. खांबापासून मीटरपर्यंतची वायर खराब निघाली तर हेस्कॉमला (वीज कंपनीला) कळवावं लागेल, ती आपण उघडायची नाही. झाल्यावर पुन्हा मोजा. न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य आलं तरी खूश होऊ नका, सॉकेटातच न्यूट्रल आणि अर्थ जोडून दिलेत का ते उघडून बघायला सांगा. तसं असेल आणि एखाद्या दिवशी न्यूट्रल तुटलं तर पूर्ण फेज पत्र्यावर येतो. आपल्याकडं खानापूरच्या बाजूला जांभ्याची जमीन, चिकोडी-निपाणीकडं काळी. दोन्ही चैत्र-वैशाखात कोरड्या पडतात आणि अर्थ कमजोर होतो. उन्हाळ्यात एकदा मापं परत घ्या, खड्ड्यात पाणी घाला.

आता डीटी ९९०. घ्यायच्या आधी मीटर ओहमवर ठेवा. पिनचं टोक ते मागची बाही म्हणजे डावा, मधलं कडं ते बाही म्हणजे उजवा. दोन्ही २५० च्या जवळ आणि एकमेकांपासून थोड्याच ओहमच्या फरकात असले पाहिजेत. केबल हलवताना डावा उघडा (म्हणजे जोड तुटलेला) दाखवत असेल आणि बाकी वेळ बरोबर, तर केबल गेली आहे, ड्रायव्हर शाबूत आहे. सतत उघडाच दाखवत असेल तर बहुतेक कॉइल तुटलेली, सोडून द्या.

केबल बदलायचं काम असं. गादीची कड कपाच्या ओठावरून ओढून काढा. आतलं प्लॅस्टिकचं कडं पातळ चपट्या स्क्रूड्रायव्हरनं चारी बाजूंनी थोडं थोडं उचला, एकाच जागी जोर लावलात तर तुटतं. वरचा पातळ फोम जपून ठेवा. डाव्या कपात तीन टाके आहेत: डावा, उजवा, ग्राउंड. उजव्याची वायर इथूनच डोक्यावरच्या पट्टीतून पलीकडं जाते, तिचा फोटो काढून मगच काहीही सोडा. ६३/३७ चं (कथील-शिशाचं) बारीक सोल्डर, टोक ३२० ते ३५० अंश, एका टाक्यावर दोन सेकंद. जास्त वेळ धरलं तर केसासारखी कॉइलची वायर आपल्या टाक्यापासून सुटते आणि ती परत लावणं फार अवघड. नव्या केबलीच्या तारांवर रंगीत इनॅमल असेल तर टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन ३८० अंशाला ते आधी जाळून घ्या. वरवर चकाकणारा टाका आतून न चिकटलेला असतो, आणि मग तोच येतो-जातो आवाज.

कायमची केबल घालण्यापेक्षा कपात तीन पिनांचा मिनी एक्सएलआर सॉकेट बसवला तर पुढं केबल काढता-घालता येते. भोक पाडताना ड्रायव्हर पूर्ण बाहेर काढून ठेवा. आणि हे काम लेथ किंवा ग्राइंडर चालतो त्या टेबलावर करायचं नाही. ड्रायव्हरचं चुंबक लोखंडाचा कीस ओढून घेतं, तो पडद्याला लागला की कायमची खरखर राहते. आपल्या उद्यमबागेत सगळे कारखाने, म्हणून हे जास्त सांगावं लागतं. पडद्यावर केस पडला तरी तसाच आवाज येतो; तो मऊ ब्रशनं अलगद उचला, फुंकर जोरात मारू नका.

पण २५० ओहमला तुम्हाला २.५ व्होल्ट लागणार हे कॅम्प_ऑडिओंनी वर सांगितलंच आहे. २ व्होल्टच्या डोंगलवर १०८ पर्यंत जाल. गेमला भरपूर, गाण्याला काठावर.

---

निपाणी_बीजीएमआय

दादा, दोन-तीन गोष्टी राहिल्या म्हणून लिहितो.

गादी. आपल्या पावसाळ्यात रेक्झिनसारखी गादी घामानं आणि दमटपणानं सोलते, काळे पापुद्रे गालाला चिकटतात. वेलूरची घ्या. पण डीटी ७७० किंवा ९९० वर वेलूर काढून जाड लेदरची चढवली तर आवाज बदलतो: बास वाढतो, वरचा भाग वेगळा होतो. मग वर दिलेले इक्वलायझरचे आकडे लागू पडत नाहीत, ते मूळ गादीवर मोजलेले असतात. गादी दबून पातळ झाली तरी तेच होतं, कान ड्रायव्हरच्या जवळ येतो. एसएचपी ९५०० ची गादी सहज निघत नाही हेही घेण्याआधी लक्षात असू दे. जून ते सप्टेंबर वापर नसताना झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि घामानं ओली गादी आधी वाळवून मगच आत.

फोनवर बीजीएमआय (बंदुकीचा मोबाइल गेम) खेळत असाल तर ब्लूटूथ नको. आवाज सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत मागं पडू शकतो, शिवाय माइक चालू केला की ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातं आणि सगळं फोनवरच्या बोलण्यासारखं मोनो होतं. टाइप-सी डोंगल वापरा. अ‍ॅपलचं डोंगल पीसीवर चांगलं चालतं, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज फारच बारीक निघतो, तो फोनच्या व्हॉल्यूमनं वाढत नाही. अँड्रॉइडला दुसरं घ्या.

पीएस फाइव्ह कधी घेतला तर हेच हेडफोन कंट्रोलरच्या ३.५ मिमी जॅकला चालतील. यूएसबी डीएसी लावायचं असेल तर त्यात यूएसी १.० (यूएसबी ऑडिओची जुनी पद्धत) मोड आहे का बघा, पीएस फाइव्ह तोच ओळखतो.